पाहणारे आठ, थांबवणारं कोण? लॉस एंजेलिसच्या प्रोबेशन खात्याची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या नव्या भागाचा लेखी मजकूर. ज्यांचे इअरफोन घरी राहिले, ज्यांना लोकलच्या गर्दीत काही ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी. बोललो होतो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे "अं…" आणि "म्हणजे काय की" थोडे कापलेत.

सुरुवात माझ्या ऑफिसपासून करतो. दोनेक वर्षांपूर्वी एका रात्री आमची एक सिस्टम साडेतीन तास बंद पडली. सकाळी मीटिंग झाली. वाटलं होतं की अलर्टच आला नसणार. पण अलर्ट अगदी वेळेवर आला होता. चौदा जणांना गेला होता. नऊ जणांनी उघडून वाचला होता, त्यातला एक मी. मी वाचला आणि म्हटलं, ज्याची ड्युटी आहे तो बघेल. ज्याची ड्युटी होती त्यानेही पाहिला, पण सिस्टम रीस्टार्ट करायची परवानगी त्याच्याकडे नव्हती. ज्याच्याकडे परवानगी होती, तो झोपला होता. बस, इतकंच. मूर्ख कोणीच नव्हता.

आमचं नुकसान झालं ते काही ऑर्डरींचं. आजच्या गोष्टीत त्या सिस्टमच्या जागी मुलं आहेत, १२ ते १८ वर्षांची. आणि अलर्ट वाचणारे आहेत निवडून आलेले लोकप्रतिनिधी, न्यायाधीश, राज्याचं निरीक्षण मंडळ, राज्याचे ॲटर्नी जनरल. गोष्ट अमेरिकेतली आहे, कॅलिफोर्निया राज्यातल्या लॉस एंजेलिस काउंटीची. एखाद्या सरकारी खात्यावर स्थानिक सरकारने लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हा तिचा विषय. ऐकायला कोरडा वाटतो, मान्य. पण दहा मिनिटं थांबा.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द प्रोबेशन. नोकरीतला सहा महिन्यांचा प्रोबेशन नव्हे. कोर्टातला प्रोबेशन म्हणजे, गुन्हा केलास, पण तुला तुरुंगात टाकत नाही. बाहेर राहा, अटी पाळ, एक अधिकारी तुझ्यावर लक्ष ठेवेल. आपल्या सरकारी मराठीत याला 'परिवीक्षा' म्हणतात. भारतात त्यासाठी १९५८ चा कायदा आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत परिवीक्षा अधिकारी असतात. बातम्यांत आपण जो 'पॅरोल' ऐकतो तो वेगळा. पॅरोल तुरुंगात गेलेल्या माणसासाठी असतो, प्रोबेशन बहुधा तुरुंगाऐवजी.

दुसरा शब्द काउंटी. ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणा. पण तिथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. लोकांनी निवडून दिलेलं एक बोर्ड सगळा कारभार बघतं. लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, आत ८८ शहरं. आणि बोर्डात माणसं किती? पाच. त्यांना सुपरवायझर म्हणतात. एकेका सुपरवायझरच्या वाट्याला जवळपास २० लाख लोक येतात. कायदे करणारेही हेच, बजेट मंजूर करणारेही हेच, खातेप्रमुख नेमणारेही हेच. म्हणून स्थानिक लोक त्यांना चेष्टेने 'पाच छोटे राजे' म्हणत आलेत.

हे पाच राजे लक्षात ठेवा. गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहेत.

एका चांभाराचा जामीन

प्रोबेशन ही कल्पना कोणा न्यायाधीशाच्या डोक्यातून आलेली नाही. बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट बनवणारा माणूस होता. दारूबंदी चळवळीतला. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तो कोर्टात बसला असताना एका दारुड्याला आणलं गेलं. फाटके कपडे, शिक्षा ठरलेली. ऑगस्टस त्या माणसाशी बोलला आणि न्यायाधीशांना म्हणाला, याचा जामीन मी देतो. तीन आठवड्यांनी तो माणूस पुन्हा कोर्टात आला तेव्हा शुद्धीवर होता, नीटनेटका होता. न्यायाधीशांनी दंड केला एक सेंट, वर कोर्टाचा खर्च.

ऑगस्टस १८५९ मध्ये वारला. तोवर त्याने जवळजवळ २,००० लोकांचा असा जामीन घेतला होता. पगार नाही, पद नाही. एकेक माणूस निवडायचा, त्याला काम शोधून द्यायचं, तो कसा वागतोय ते स्वतः जाऊन बघायचं आणि कोर्टाला कळवायचं. म्हणजे पाहणारा तोच आणि करणाराही तोच. एवढं एक वाक्य खिशात ठेवा.

१८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने यावर कायदा केला आणि बोस्टनच्या महापौरांना पगारी प्रोबेशन अधिकारी नेमायचा अधिकार दिला. म्हणजे प्रोबेशन सरकारी झालं तेच मुळी स्थानिक सरकारच्या दारातून.

मग १८९९ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं बालन्यायालय आलं. तिथल्या कायद्यात प्रोबेशन अधिकारी होते, पण सरकारी तिजोरीतून त्यांना पगार नव्हता. शहरातल्या महिला मंडळांनी वर्गणी काढून पगार दिले. १९०३ मध्ये कॅलिफोर्नियानेही बालन्यायालयाचा कायदा केला आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिस काउंटीचं प्रोबेशन खातं सुरू झालं. आज ते अमेरिकेतलं सर्वांत मोठं प्रोबेशन खातं मानलं जातं. कर्मचारी हजारोंनी, वर्षाचं बजेट एक अब्ज डॉलरच्या घरात.

मायबाप सरकार

आपल्याकडे 'मायबाप सरकार' म्हणतात ना? त्या काळच्या अमेरिकन बालन्यायालयांचं तत्त्व अगदी हेच होतं. मूल चुकलं तर सरकार त्याचे आईबाप बनून त्याला सुधारेल. आता आईबाप मुलाला रागावतात तेव्हा वकील लागतो का? नाही. नोंद ठेवतात का? नाही. दार लावून घेतात. म्हणून बालन्यायालयंही बंद दाराआड चालायची. हेतू चांगला होता, मुलाच्या नावाला डाग लागू नये.

पण बंद दाराला बाहेरून कोणी पाहू शकत नाही, ही त्याची दुसरी बाजू.

काय होऊ शकतं हे देशाला कळलं एका फोन कॉलमुळे. थोडा वेळ लॉस एंजेलिस सोडून शेजारच्या ॲरिझोना राज्यात जाऊ, कारण इथे जो निकाल लागला तो सगळ्या देशाला लागू झाला. साल १९६४. जेरल्ड गॉल्ट, वय १५. आधीच एका प्रकरणात प्रोबेशनवर. शेजारच्या बाईंनी तक्रार केली की त्याने आणि त्याच्या मित्राने फोन करून घाणेरडं काहीतरी बोललं. पोलिसांनी त्याला उचललं, घरी आईवडील नव्हते, त्यांना कोणी सांगितलंही नाही. सुनावणीत वकील नाही. तक्रार करणाऱ्या बाई एकदाही कोर्टात आल्या नाहीत. कोण काय बोललं याची लेखी नोंद नाही. शिक्षा? २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत. म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षं. हाच गुन्हा प्रौढ माणसाने केला असता तर ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद.

आणि एक बारीक गोष्ट बघा. ज्या प्रोबेशन अधिकाऱ्याने त्याच्याविरुद्ध अर्ज केला, तोच त्या मुलाला डांबून ठेवलेल्या गृहाचा अधीक्षकही होता. ठेवणारा तोच, आरोप करणारा तोच, मुलाचं भलं बघणाराही म्हणे तोच.

१५ मे १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मुलांनाही आरोपांची आगाऊ सूचना, वकील आणि साक्षीदाराची उलटतपासणी हे हक्क आहेत. मायबाप असलात तरी नियम पाळा, असा त्याचा मराठीतला अर्थ.

पण हा निकाल कोर्टाच्या खोलीतला होता. सुनावणी संपल्यावर मूल ज्या इमारतीत जातं, तिथलं काय?

एकच खातं, दोन टोप्या

आता परत लॉस एंजेलिसला. कॅलिफोर्नियात प्रोबेशन खातं फक्त बाहेरच्या मुलांवर लक्ष ठेवत नाही. खटला चालू असताना मुलांना जिथे ठेवतात ते 'जुवेनाइल हॉल' हेच खातं चालवतं. आपल्याकडे कायद्यात ज्याला निरीक्षणगृह म्हणतात आणि लोक अजूनही 'रिमांड होम' म्हणतात, तेच ते. शिवाय शिक्षा झालेल्या मुलांसाठी डोंगराळ भागातले कॅम्पही याच खात्याचे. म्हणजे एका टोपीत समुपदेशक आणि दुसऱ्या टोपीत तुरुंगाचा जेलर.

बहुतेक काउंट्यांमध्ये या खात्याचा प्रमुख कोर्ट नेमतं. लॉस एंजेलिसमध्ये मात्र पाच राजे नेमतात. कागदावर हे छान आहे. लोकांनी निवडलेल्यांनी प्रमुख नेमला, तो चुकला तर काढायचा. जबाबदारी सरळ.

मग अडलं कुठे? थोडं पैशात, थोडं माणसांत.

पैशाचं आधी. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियाने एक हुशार योजना काढली. काउंटीने एखाद्याला राज्याच्या तुरुंगात किंवा सुधारगृहात न पाठवता आपल्याकडे प्रोबेशनवर सांभाळलं, तर राज्य त्या प्रत्येकामागे काउंटीला ४,००० डॉलरपर्यंत देणार. काही वर्षं राज्याच्या संस्थांमधली गर्दी खरंच घटली. पण १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून घरपट्टीवर कडक मर्यादा घातली. 'प्रपोझिशन १३' म्हणतात त्याला. काउंट्यांच्या उत्पन्नाचा मोठा झरा एका रात्रीत आटला. त्यानंतर स्थानिक खाती जास्तीत जास्त राज्याच्या पैशावर चालायला लागली. पैसा देणारा एक, चालवणारा दुसरा. २००० साली राज्याने मुलांमधली गुन्हेगारी रोखायला काउंट्यांना वेगळा निधी दिला. वीस वर्षांनी राज्याच्या लेखापरीक्षकांनी या निधीच्या देखरेखीवर ताशेरे मारले. अहवालाच्या शीर्षकातच 'कमकुवत देखरेख' हे शब्द होते.

आता माणसं. पाच राजांपैकी प्रत्येकाकडे २० लाख लोक, आणि खाती? सरकारी दवाखाने, शेरीफ, रस्ते, बेघरांचा प्रश्न, वणवे. जुवेनाइल हॉलमधल्या मुलांना मत नसतं. त्यांचे आईबाप बहुतेक गरीब, बरेचसे कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो वस्त्यांमधले. सुपरवायझरच्या ऑफिसबाहेर त्यांची रांग लागत नाही. त्यामुळे हे खातं अजेंड्यावर यायचं ते बहुतेक वेळा बातमी आल्यावरच.

एक एक पाहणारा वाढत गेला

इथून पुढे मी वर्षं भराभर सांगतो. दीडपट स्पीडवर ऐकणारे होतात, ते जरा नॉर्मलवर या.

२००४: काउंटीच्या जुवेनाइल हॉल्समधली परिस्थिती बघून केंद्राच्या न्याय विभागाने काउंटीशी सुधारणेचा करार केला. २००८: कॅम्पांबद्दलही तसाच करार. बाहेरचे निरीक्षक आले, तक्ते भरले गेले, प्रशिक्षणं झाली. २०१५ मध्ये कॅम्पांवरची केंद्राची देखरेख संपली.

२०१९: काउंटीच्याच महानिरीक्षकांनी हॉल्समधल्या पेपर स्प्रेच्या वापरावर अहवाल दिला. पाच राजांनी पेपर स्प्रे टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठराव केला. ठराव झाला, अंमल रखडत राहिला.

आता हे सगळं होत असताना खात्यावर नजर ठेवायला एक प्रोबेशन कमिशन होतंच. पण ते सल्लागार. सल्ला द्यायचा, घेणं न घेणं खात्याच्या हातात. म्हणून २०१८-१९ मध्ये काउंटीभर जनसुनावण्या झाल्या. या व्यवस्थेतून गेलेली मुलं, आया, कर्मचारी बोलले. त्यातून नवं मंडळ जन्माला आलं: प्रोबेशन ओव्हरसाइट कमिशन. नऊ सदस्य. न सांगता जाऊन पाहणी करायचा अधिकार, तक्रारी ऐकायचा अधिकार, जाहीर सभा घ्यायचा अधिकार. २०२१ पासून काम सुरू.

माझ्या मते ही खरंच मोठी पायरी होती. एका बंद खात्याचं दार आतून उघडायला लावलं. कमिशनच्या सभांमध्ये रोज किती कर्मचारी गैरहजर, किती मुलांना शाळेत नेलं नाही, किती जणांना रात्री शौचालयाला जाऊ दिलं नाही, अशा गोष्टी जाहीरपणे बोलल्या जाऊ लागल्या.

पण प्रमुखाला काढायचा अधिकार? नाही. बजेट अडवायचा? नाही. ते पाच राजांकडेच.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये पाच राजांनी याहून मोठा विचार केला. मुलांचं सगळं काम प्रोबेशन खात्यातून काढून नव्या युवा विकास खात्याकडे द्यायचं ठरवलं. नवं खातं २०२२ मध्ये सुरूही झालं. पण हॉल्सच्या किल्ल्या जुन्याच खात्याकडे राहिल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर नवी सिस्टम लाँच केली, पण सगळा लोड जुन्या सर्व्हरवरच.

२०२१ च्या जानेवारीत राज्याच्या ॲटर्नी जनरलनी काउंटीला कोर्टात खेचून सुधारणांचा आदेश मिळवला. त्यावर कोर्टाने आणखी एक निरीक्षक नेमला.

म्हणजे आता मोजा. एक, पाच सुपरवायझरचं बोर्ड. दोन, ओव्हरसाइट कमिशन. तीन, काउंटीचे महानिरीक्षक. चार, राज्याचे ॲटर्नी जनरल. पाच, कोर्टाने नेमलेला निरीक्षक. सहा, राज्याचं करेक्शन्स बोर्ड, जे हॉल चालवायच्या लायकीचा आहे की नाही ते ठरवतं. सात, बालन्यायालयाचे न्यायाधीश, ज्यांनी वर्षातून एकदा हॉलची पाहणी करायची असते. आठ, सामान्य नागरिकांमधून निवडलेली सिव्हिल ग्रँड ज्युरी, जी दरवर्षी काउंटीतल्या कोठड्या बघते.

आठ जणांना अलर्ट जातोय.

२०२३

मार्चमध्ये पाच राजांनी खात्याच्या प्रमुखाला काढलं. गेल्या वीस वर्षांत हे पद कितीदा बदललं त्याची मोजदादच नको. मे महिन्यात सिल्मार भागातल्या केंद्रात १८ वर्षांचा एक मुलगा फेंटानिलच्या ओव्हरडोसने मेला. बंद इमारतीत, जिथे यायला-जायला तपासणी आहे, तिथे ड्रग पोचलं.

त्याच महिन्यात राज्याच्या बोर्डाने दोन हॉल ६० दिवसांत रिकामे करायला सांगितले. त्यातला एक, सेंट्रल जुवेनाइल हॉल, १९१२ पासून चालू होता. सुमारे ३०० मुलं कुठे न्यायची? २०१९ मध्ये बंद केलेला 'लॉस पाद्रिनोस' हॉल घाईघाईने पुन्हा उघडला. स्पॅनिशमध्ये पाद्रिनोस म्हणजे धर्मपिता, मुलाची जबाबदारी घेणारे.

जुलै २०२३ मध्ये मुलं तिथे आली. पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते ॲटर्नी जनरलच्या आरोपपत्रातून मार्च २०२५ मध्ये जगाला कळलं. १ जुलै ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात मुलांमध्ये ६९ मारामाऱ्या झाल्या, त्या अधिकाऱ्यांनी होऊ दिल्या किंवा घडवून आणल्या, असा आरोप. १४३ मुलं त्यात ओढली गेली, सगळ्यात लहान १२ वर्षांचं. ३० अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. हे आरोप आहेत, ते कोर्टात सिद्ध व्हावे लागतात, हे आवर्जून सांगतो.

पण तारखा परत बघा. हे घडल्याचा आरोप आहे तो काळ कोणता? जेव्हा आठही जण पाहत होते. राज्याच्या बोर्डाने नुकताच दणका दिला होता, नवा प्रमुख नेमला होता, कोर्टाचा निरीक्षक कामावर होता. आणि प्रकरण उघड झालं कशामुळे? वर्तमानपत्राच्या हाती लागलेल्या एका व्हिडिओमुळे. हॉलमधल्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड होत होतं. म्हणजे नववा पाहणारा तर भिंतीवरच टांगलेला होता.

कर्मचाऱ्यांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. शेकडो जण कामावर येतच नव्हते. जे येत होते ते दोन-दोन शिफ्ट करत होते, दमलेले, काही मार खाल्लेले, घाबरलेले. ज्या युनिटमध्ये चार माणसं हवीत तिथे एक. अशा इमारतीत नवा नियम आला की तो फायलीत जातो, जमिनीवर उतरत नाही. यामुळे मारामाऱ्या बघत उभं राहणं माफ होत नाही. पण देखरेख करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं "अहवाल द्या" म्हटलं आणि माणसं कुठून येणार याचं उत्तर कोणीच दिलं नाही, हेही खरं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याच्या बोर्डाने लॉस पाद्रिनोसही अयोग्य ठरवला. १२ डिसेंबरपर्यंत रिकामा करा, असं सांगितलं. १२ डिसेंबर आली आणि गेली. हॉल चालूच राहिला. का? कारण त्या बोर्डाला 'अयोग्य' म्हणायचा अधिकार आहे, पण पोलीस पाठवून कुलूप लावायचा नाही. शेवटी २०२५ मध्ये एका न्यायाधीशांनी मुलांची संख्या कमी करायचा आदेश दिला. आणि जुलै २०२५ मध्ये ॲटर्नी जनरल कोर्टात गेले आणि म्हणाले, आता पुरे, हे हॉल काउंटीच्या हातातून काढा आणि एका 'रिसीव्हर'कडे द्या. रिसीव्हर म्हणजे कोर्टाने नेमलेला एक माणूस, ज्याच्याकडे बजेटपासून भरतीपर्यंत सगळे अधिकार.

आठ जणांना पाहून झाल्यावर मागणी काय आली? पाहणारा आणि करणारा एकच असू द्या. बोस्टनच्या त्या बूट बनवणाऱ्यासारखा.

बिल

न पाहण्याची किंमत नंतर येते, आणि ती व्याजासकट येते. एप्रिल २०२५ मध्ये काउंटीने लैंगिक अत्याचाराच्या ६,८०० हून जास्त दाव्यांसाठी ४ अब्ज डॉलरची तडजोड मंजूर केली. यातले काही आरोप थेट १९५९ पर्यंत मागे जातात. दावे मुख्यतः प्रोबेशन खात्याचे हॉल-कॅम्प आणि काउंटीच्या अनाथ मुलांच्या केंद्रातले. पुढे यातले काही दावे खोटे असल्याचे आरोप झाले, त्याची चौकशी सुरू झाली. तरीही आकडा समजून घ्या. रुपयात साधारण ३४ हजार कोटी. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अख्खं बजेट ७४ हजार कोटींच्या आसपास होतं, त्याच्या जवळपास निम्मे पैसे. हे पैसे ग्रंथालयांतून, बागांतून, दवाखान्यांतून येणार. ज्या मुलाने १९७५ मध्ये तक्रार केली असती आणि कोणी ऐकली असती, त्याला हे पैसे लागलेच नसते.

मग शिकायचं काय?

पाच राजांची संख्या १९१२ च्या सनदेत ठरली. तेव्हा काउंटीत साधारण पाच लाख लोक होते. शंभरहून जास्त वर्षं लोकसंख्या वाढत गेली, खुर्च्या पाचच. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी शेवटी ठरवलं, खुर्च्या नऊ करा आणि एक कार्यकारी प्रमुख थेट निवडून द्या. गंमत म्हणजे काही महिन्यांनी लक्षात आलं की कायद्याचा मजकूर लिहिताना चूक झाली आणि २०२० चा एक जुना ठराव त्यात पुसला जाणार आहे. कोणता? तुरुंगाऐवजी समाजातल्या कामांवर काउंटीच्या निधीचा किमान १० टक्के वाटा खर्च करायचा तो. जुन्या फाइलवर नवी फाइल सेव्ह केली, आणि मधला बदल उडाला. हे आम्ही ऑफिसात करतो तेव्हा शिव्या खातो.

मला वाटतं, यातून 'देखरेख निरुपयोगी' असा अर्थ काढू नये. कमिशन नसतं, निरीक्षक नसते, तर आज मी हा भाग करूच शकलो नसतो. मला माहिती मिळाली ती त्यांच्या उघड कागदांमुळेच. पण प्रत्येक घोटाळ्यानंतर आणखी एक पाहणारा वाढवला आणि थांबवायची ताकद मात्र कोणालाच वाढवून दिली नाही, असं शंभर वर्षं चाललं. पाहणारे वाढले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

आपल्याकडेही बाल न्याय कायद्याने मुलांच्या गृहांसाठी जिल्हा पातळीवर निरीक्षण समित्या ठेवल्यात. कधी त्यांची बातमी वाचलीत तर एकच प्रश्न विचारा: समितीला काही चुकीचं दिसलं, तर त्या दिवशी, त्या संध्याकाळपर्यंत, ते थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे? त्या माणसाचं पद काय? फोन कोण उचलणार?

आमच्या ऑफिसात त्या रात्रीनंतर आम्ही फार काही केलं नाही. चौदा जणांची यादी काढून टाकली. एक नाव ठेवलं, एक बदली नाव ठेवलं, आणि त्या दोघांना रीस्टार्टची परवानगी दिली. पहिला आठवडा ते नाव माझं होतं. झोप नीट लागली नाही. पण फोन वाजला की उठायचं हे मात्र पक्कं कळलं होतं.

इथेच थांबतो. तुमच्या गावातल्या, शहरातल्या अशा एखाद्या खात्याची गोष्ट माहीत असेल तर आवर्जून कळवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. आणि घरात कोणी 'हे बघेल कोणीतरी' म्हणालं, तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा. भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.